सरांची बघणारी

मल्लेश्वरम, बेंगळुरू
रविवार, ११ मे २०२५

प्रिय अक्का,

तुला नमस्कार, सुप्रीताला पापा, आणि दाजींना त्यांना आवडतो तसा वाकून. मी बरी आहे. यशवंतपूरला काका-काकूही बरे आहेत. काकूंचा गुडघा अधूनमधून रुसतो, पण त्या त्याचं ऐकत नाहीत.

हे सगळं फोनवर बोलता आलं असतं. पण तुमच्याकडे फोन म्हणजे आकाशवाणी आहे. दाजी स्पीकर लावतात, सोप्यात सासूबाई आणि शेजारच्या दोघी बसलेल्या असतात, आणि मी तोंड उघडायच्या आत सगळ्या मिळून "जेवलीस का" विचारतात. देवाप्पामामा आज रात्रीच्या बसने निपाणीला निघालेत, त्यांच्याकडे हे पत्र देते आहे. अक्काच्याच हातात द्या, असं सांगितलं तर म्हणाले, "एवढं काय गं, लग्न ठरवलंस की काय?" तसं काही नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील.

सुप्रीताला माझ्याकडे पाठवण्याआधी तू तीन गोष्टी विचारल्या होत्यास. राहायचं कुठे, शाळा कोणती, आणि सर तिला खरंच बास्केटबॉल शिकवणार ना.

राहायचं ठरलं आहे. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या आहेत, खाली घरमालकीणबाई एकट्याच असतात. मला बेळ्ळंदूरहून, कामावरून, यायला उशीर झाला तर त्या तिला आपल्याकडे बसवून घेतील. त्यांची अट एवढीच, की घरात चेंडू आपटायचा नाही. शाळा चालत जाण्यासारखी आहे, महिनाअखेरीला सुरू होते, आठवीच्या वर्गात जागा आहे. मुख्याध्यापकबाईंना भेटून आले. त्यांनी सुप्रीताच्या कन्नडचं विचारलं. मी म्हटलं, सीमेवरची पोर आहे, दोन्हीकडचं भांडण समजतं तिला. त्या हसल्या.

तिसरं सरांचं. ते लिहिते, पण जरा लांबून यावं लागेल.

तू घरच्यांशी किती महिने झगडलीस ते मला माहीत आहे. दाजी तयार झाले, सासूबाई गप्प बसल्या, ते तुझ्या एका वाक्यावर. "मंजुनाथ सरांच्या हाताखाली राहणार असेल तरच. दुसऱ्या कुणाच्या भरवशावर माझी पोर नाही." गणपतीत सगळ्यांसमोर तू हे म्हणालीस तेव्हा मला इतका अभिमान वाटला होता. तुझ्यासारखीनं त्यांना दिलेला मान होता तो. तू त्यांना एकदाच भेटली होतीस, आणि तू काही सहज कुणावर विश्वास ठेवणारी नाहीस.

मी त्यांची खेळाडू कधीच नव्हते हे तुला ठाऊक आहे. आजही मला चेंडूचा टप्पा नीट मारता येत नाही, तो माझ्याच पायावर येतो. मी त्यांची चाहती होते. ती कशी झाले, हे तुला पूर्ण कधी सांगितलं नाही.

पहिल्या वर्षी कॉलेज सुटलं की मला काकांच्या घरी लगेच जाता यायचं नाही. काकू कपड्यांच्या कारखान्यातून येईपर्यंत खोलीला कुलूप असायचं. ग्रंथालय लवकर बंद व्हायचं. मग मी बास्केटबॉल कोर्टाच्या पायऱ्यांवर वही मांडीवर घेऊन बसायचे. अभ्यास करायचा होता, पण खाली सर ओरडत असायचे आणि त्यांचं ओरडणं पुस्तकापेक्षा फार चांगलं होतं. "कालु, कालु" म्हणजे पाय, पाय, हे तर चालूच असायचं. एखादी नुसती उभी राहिली की म्हणायचे, "काय मॅडम, बसस्टॉप आहे का? बस गेली." गौरी कॅप्टन होती, उंच, मल्लेश्वरमच्या जुन्या मराठी घरातली. तिला म्हणायचे, "गौरी, चेंडू तुझ्या घरी पोस्टाने येणार नाही, तू जा त्याच्याकडे."

सर केसांना मेंदी लावायचे. ती कधी पूर्ण बसायची नाही, त्यामुळे डोकं अर्धं लाल, अर्धं पांढरं. त्यांना वाटायचं कुणाला कळत नाही.

त्यांची एक पद्धत होती. खेळ संपला की सगळ्यांनी कोर्टावरच गोल करून बसायचं आणि खेळाबद्दल बोलायचं. आधी कुणी बोलायचं, तर जी त्या दिवशी बाकावर सगळ्यात जास्त वेळ बसून होती तिनं. मग बाकीच्या, मग कॅप्टन, आणि सगळ्यात शेवटी सर. दुसऱ्या कॉलेजात बाकावरची पोरगी पाण्याच्या बाटल्या सांभाळते. इथे तिला डोळे फाडून बघावं लागायचं, कारण नंतर तिचंच ऐकायला सगळ्या थांबणार असायच्या. "खेळली ती स्वतःचं सांगते," सर म्हणायचे, "बसली ती सगळ्यांचं सांगते."

एक दिवस बाकावर कुणीच नव्हतं. दोघी आजारी होत्या, उरलेल्या सगळ्या खेळल्या होत्या. गोल झाला, पण आधी बोलायचं कुणी? सरांनी वर पाहिलं. तरुणपणी ते बेळगावात नोकरीला होते, तिथे मराठी शिकलेले, पण बोलताना बाई आणि पुरुष यांत त्यांना फारसा फरक करता यायचा नाही. म्हणाले, "ए, वर बसला तो कोण? खाली ये. काय बघितला?"

अक्का, वर्गात इंग्रजीत नाव विचारलं तरी मला घाम फुटायचा ते दिवस. मी खाली गेले आणि जे खरं बघितलं होतं ते बोलले. म्हटलं, "या ताई दमल्या की वेणी ओढतात. मग त्यांचा चेंडू जाळीत जात नाही."

गौरी माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी तिची वेणी कापून नेली. बाकीच्या हसत सुटल्या. सर हसले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून गौरीनं वेणीला हात लावला की शिट्टी, आणि गौरी बाहेर, पाणी प्यायला. चार दिवस तिनं सोसलं. सोमवारी आली ती केस खांद्यापर्यंत कापून. माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "आता बघ काय बघायचं ते." मी आठवडाभर बघितलं. मग गोलात सांगितलं, "आता कान ओढते." त्या दिवशी मात्र सर इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं.

तेव्हापासून पायरीवरची ती जागा माझी. रोज संध्याकाळी मला दोन-चार वाक्यं बोलावी लागायची. सुरुवातीला मराठीत, सर बाकीच्यांना समजावून सांगायचे. मग एक दिवस त्यांनी समजावणं बंद केलं. "आज माझा घसा बसला," म्हणाले. घसा चांगला ठणठणीत होता, शिट्टीपेक्षा मोठ्याने ओरडत होते. मी तोडक्यामोडक्या कन्नडमध्ये बोलले. पुढच्या वर्षी म्हणाले, "या वर्षी केरळची मुलगी आली आहे, तिला कन्नड येत नाही, तिच्यासाठी इंग्रजीत सांग, स्वल्प." स्वल्प म्हणजे थोडंसंच, पण ते थोडंसं रोज व्हायचं. बोलताना मी अडखळले तर कुणी हसायचं नाही. ती मुलगी माझ्या इंग्रजीची वाट बघायची, कारण तिला खरंच जाणून घ्यायचं असायचं.

काका विचारायचे, "चेंडू बघून डिग्री मिळते का गं?" आता वाटतं, अर्धी तशीच मिळाली. कंपनीत मुलाखतीला विचारलं, तुम्हाला काय चांगलं जमतं. मी सांगितलं, चाललेली गोष्ट बघायची, कुठे बिघडते ते शोधायचं, आणि ज्याची चूक आहे त्याला राग येणार नाही अशा शब्दांत सांगायचं. निदान फार राग येणार नाही अशा. आज बेळ्ळंदूरच्या त्या काचेच्या इमारतीत मी तेच काम करते. इतरांनी लिहिलेले प्रोग्राम लोकांपर्यंत जाण्याआधी तपासते. आपल्या घरात कुणी दहावीपुढे गेलं नव्हतं, आणि माझ्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र आहे.

आईनं पेपरातला जो फोटो भिंतीला लावलाय ना, कडेला माझा अर्धाच चेहरा दिसतो तो, त्याची गोष्टही सांगते. माझ्या शेवटच्या वर्षीची आंतरमहाविद्यालयीन फायनल, म्हैसूरला. गौरी तेव्हा एम.कॉम. करत होती, अजून आमचीच कॅप्टन. तिथला आयोजक म्हणाला, बाकावर फक्त यादीतली माणसं. सर म्हणाले, "ही आमची बघणारी आहे." तो म्हणाला, असं पद नसतं. सर म्हणाले, "सरी." म्हणजे ठीक आहे. आणि शिट्टी खिशात टाकून माझ्याबरोबर वर येऊन प्रेक्षकांत बसले. पहिला डाव आम्ही दोघांनी शेंगदाणे खात बघितला. खाली मुलींना वाटलं सरांना बरं नाही. शेवटी पंच स्वतः वर आला. म्हणाला, "मंजुनाथ, खाली चल, लोक बघतायत." सर म्हणाले, "दोघं येऊ."

दोघं गेलो. तिसऱ्या डावात गौरीनं कान ओढला. मी सरांकडे बघितलं, त्यांनी पंचाकडे बघितलं, गौरी बाहेर. तिनं जाता जाता मला काय म्हटलं ते लिहीत नाही. पण शेवटच्या मिनिटांना ती ताजी होऊन आत गेली, समोरच्या मुलींचे पाय जड झाले होते, आणि आम्ही जिंकलो. फोटोग्राफर म्हणाला, खेळाडू मध्ये या. मी बाजूला झाले. सरांनी मागून माझ्या खांद्याला धरून आत लोटलं, म्हणून निदान अर्धी तरी आले.

पदवीदानाला तू सुप्रीताला घेऊन आलीस, तेव्हा ती लहान होती. कोर्टाजवळच्या बेकरीत सरांनी आपल्याला खारा बन खायला घातला, आणि तू बन हातात धरूनच त्यांना कन्नडमध्ये सरळ विचारलंस, "माझी बहीण खेळत नाही, मग तिला एवढं जवळ करून तुम्हाला काय मिळतं?" मी जमिनीत शिरायच्या बेतात होते. त्यांना राग आला नाही. म्हणाले, "ताई, मला डोळे दोन. मैदान मोठं आहे." बसमध्ये बसताना तू म्हणालीस, "माणूस सरळ आहे." तुझ्या तोंडून एवढं कुणाबद्दल ऐकलं नव्हतं मी.

आणि गेल्या मे महिन्यात सुप्रीता सुट्टीला आली तेव्हा मी तिला सकाळी कोर्टावर नेलं. कॉलेजच्या मुली संध्याकाळी, आणि शाळेतल्या मुली सकाळी, फुकट, हे सर आपल्या मनानेच चालवायचे. पहिल्याच दिवशी ती धावताना पालथी पडली, दोन्ही गुडघे सोलले. उठली आणि चेंडू कुठे गेला ते शोधायला लागली. सर म्हणाले, "शिवलीला, या मुलीला पडायचं भय नाही. बाकी सगळं शिकवता येतं."

अक्का, आता ते लिहिते.

सर गेले. युगादीनंतरच्या, म्हणजे पाडव्यानंतरच्या आठवड्यात. सकाळी अंघोळ करून बाहेर आले, चहा मागितला, आणि खुर्चीतच गेले. दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही.

त्यानंतर तू दोनदा फोनवर विचारलंस, सर कसे आहेत. मी म्हटलं, मुली छान खेळतायत. खोटं बोलले नाही, पण उत्तरही दिलं नाही. स्पीकर लावलेला होता हे एक कारण. दुसरं कारण तुला माहीत आहे. मी सांगितलं असतं तर सुप्रीताचं येणं तिथल्या तिथे, सोप्यात, सगळ्यांसमोर संपलं असतं. तुला विचार करायलाही कुणी वेळ दिला नसता. तुझी अटच तुझ्यावर उलटवली असती. म्हणून हे कागदावर, आणि फक्त तुझ्यासाठी.

पण ते गेल्यावर काय झालं, तेही ऐक. नाहीतर मी अर्धंच सांगितल्यासारखं होईल.

तिसऱ्या दिवशी गौरी आणि मी त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नी आतल्या खोलीत बसल्या होत्या. गौरीला बघून त्या म्हणाल्या, "चेंडूंच्या खोलीची किल्ली खुंटीला आहे, घेऊन जा. पोरी रोज फाटकाशी येऊन उभ्या राहत असतील." आम्हाला हे सुचलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर खरोखर उभ्या होत्या, सगळ्या, बुटांच्या नाड्या बांधून. कुणी त्यांना बोलावलं नव्हतं आणि कुणी येऊ नका म्हटलं नव्हतं.

गौरीनं कुलूप काढलं. हो, तीच गौरी. जिच्याबद्दल तू पदवीदानाच्या दिवशी म्हणालीस, "काय ते च्युइंगम, काय ती चड्डी, आणि मोठ्यांशी बोलायची रीत आहे का?" ती आता बँकेत आहे. च्युइंगम अजून खाते. त्या सकाळी तिनं खेळ घेतला, पण तिचा आवाज निघत नव्हता, आणि मुलीही दबकून खेळत होत्या. संपल्यावर गोल झाला. गौरी काहीतरी बोलायला लागली. मला वाटतं सरांबद्दलच बोलणार होती. तर सहावीतली एक मुलगी म्हणाली, "अक्का, तुम्ही नंतर. आधी बाकावरची."

गौरी मागे सरकून बसली. बाकावर पाय मुरगळलेली एक छोटी होती, पट्टी बांधलेली. ती म्हणाली, "आज कुणी ओरडलं नाही, म्हणून कुणी पळालंच नाही."

गौरी म्हणाली, "उद्या ओरडते."

आणि ओरडते, अक्का. तेव्हापासून रोज सकाळी बँकेच्या आधी येते आणि ओरडते. सरांसारखं नाही, तिचं तिचं वेगळं आहे. टोमणे जरा जास्त लागतात. पण परवा एका मुलीला सगळ्यांसमोर फार बोलली, तर गोलात बाकावरच्या मुलीनं ते तिला सांगितलं, आणि गौरीनं मान खाली घालून ऐकून घेतलं. माझ्या डोळ्यांसमोर. तेव्हा मी पायरीवर बसून रडले. दुःखानं नव्हे. एका माणसानं इतकी वर्षं ओरडून, खारा बन खायला घालून, लहानातल्या लहान पोरीला मोठ्यांच्या तोंडावर खरं बोलायला शिकवलं, आणि ते त्याच्याशिवाय चालू राहिलं. मी त्यांची चाहती होते याचा मला इतका अभिमान कधी वाटला नव्हता, म्हैसूरला जिंकलो तेव्हासुद्धा नाही.

पण तुझी अट सरांची होती, गौरीची नव्हती. ती अट मोडली आहे. तू नाही म्हणालीस तर ते बरोबरच असेल, मी रुसणार नाही. तुझी मुलगी आहे, आणि परक्या शहरात पोर ठेवायची तर माणूस बघूनच ठेवावी. तू नववीत शाळा सोडून आईचं आजारपण काढलंस, म्हणून मी शिकले. त्या बदल्यात मी तुझ्या मुलीचं काही भलं करून दाखवते आहे, असं वाटून तू होकार देऊ नकोस. मला तसा होकार नको आहे.

एवढंच मागते, की दाजींनी काढलेली गुरुवार रात्रीची तिकिटं रद्द करू नकोस. दोघी या. तू स्वतः दोन-तीन सकाळी त्या पायऱ्यांवर बस, गौरीला बघ, मुलींना बघ, आणि मनात येईल ते तिला थेट विचार, सरांना विचारलं होतंस तसं. ती तुझ्यासारखीच फटकळ आहे, तुमचं एकतर कडाक्याचं भांडण होईल किंवा फार जमेल. मग सुप्रीताला विचार. मग ठरव. परत न्यायची झाली तर रविवारच्या बसमध्ये मी स्वतः तुम्हाला बसवून देईन, आणि वाटेत तुला एक शब्द बोलणार नाही.

घरी काय सांगायचं ते तुझ्यावर. सर गेले हे लपव, असं मी म्हणणार नाही. तू सांगशील तेव्हा, तुझ्या शब्दांत सांग.

त्यांना "माणूस सरळ आहे" हे तुझं म्हणणं मी कधी कळवलं नाही, तेवढं राहून गेलं.

शुक्रवारी उजाडायच्या आधीपासून यशवंतपूरला उभी असेन.

दोघींची वाट बघणारी,
तुझी शिवा